आपली बिल्डिंग (फक्त कामाचे मेसेज)

२०२ देशमुख मॅडम (रविवार, दुपारी ४:१२)
नमस्कार. कुणाच्या घरात डोकवायची मला सवय नाही, पण आज बोलावंच लागतंय. बिराजदार आजी दुपारी दीडपासून पावणेतीनपर्यंत जिन्यात बसून होत्या. बाहेर ऊन ४२. तुळशीला पाणी घालायला दाराबाहेर आल्या, मागं दार आपोआप लागलं आणि ते नवीन डिजिटल लॉक काही केल्या त्यांचं बोट घेईना. मी लग्नाहून आले तेव्हा डोक्यावर पदर घेऊन पायरीवर टेकलेल्या होत्या. घरच्या माणसालाच आत घेत नाही ते दार काय कामाचं?

३०२ शिंदे
आता कशा हायत आजी?

२०२ देशमुख मॅडम
चहा घेतला, आंबा खाल्ला, माझ्याकडंच टीव्ही बघतायत. घरी जायला तयार नाहीत. म्हणतात, आधी त्या दाराला सांगा मी कोण आहे ते.

२०३ बिराजदार
मॅडम, मनापासून आभार. आम्ही सगळे अहमदपूरला लग्नात होतो, डीजेत फोन ऐकू आला नाही. पण एक स्पष्ट करतो, लॉकमध्ये दोष नाही. आईचं बोट रजिस्टर केलेलं आहे, पण उठतच नाही. जन्मभर खुरपं धरलेला हात आहे, बोटावर रेषाच राहिल्या नाहीत. राशनलाही तिचा अंगठा उठत नाही.

२०२ देशमुख मॅडम
हे माहीत असून बसवलंत?

१०१ सूर्यवंशी काका
खालचं गेट रात्री ११ नंतर उघडं असतं. आधी त्याचं बघा.

३०४ पाटील (सेक्रेटरी)
काका, वेगळा विषय चालू आहे. बिराजदार, पिन होता की.

२०३ बिराजदार
पिन आईला पाठ आहे. पण चार-पाचदा बोट चुकलं की लॉक थोडा वेळ काहीच घेत नाही, वर सायरन वाजवतं. ती घाबरली आणि पिन विसरली.

२०१ गोरे काकू
आणि सेलचं काय? १५ दिवस झाले तुमचं दार टीं टीं करतंय. मी दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, काकू, मोबाईल वाजत असेल.

२०३ बिराजदार
बरोबर आहे काकू. ती चूक माझी.

३०२ शिंदे
फुडचं मी सांगतो, मी होतो तिथं. मॅडमनी फोनवर पिन विचारला, दाबला, यंत्र एकदा टीं म्हणलं आन् निजलं. चार पेन्सिल सेल, चारी मेलेले. आन् ते सेल बसतात दाराच्या आतल्या अंगाला. म्हणजे सेल बदलायला दार उघडायला पाहिजे, दार उघडायला सेल पाहिजे 😂 मग माझ्या मल्टिमीटरमधला ९ व्होल्टचा चौकोनी सेल काढला. लॉकच्या बुडाला दोन बारक्या टिकल्या असतात, त्याला सेल टेकवून धरला, मॅडमनी पिन मारला. खट्. आजी म्हणल्या, दाराला सलाईन लावलं का रं?

३०१ शेख
शाबास शिंदे. आता काही लॉकला मोबाईलच्या चार्जरची वायर पण चालते, पॉवर बँक लावायची. पण माझा साधा प्रश्न आहे. बिराजदार सर, त्या लॉकला टोपीखाली किल्लीचं होल आहे. ती किल्ली कुठं होती?

२०३ बिराजदार
घरात. कपाटात.

३०२ शिंदे
🙏🙏

३०१ शेख
दुकानात गिऱ्हाईकाला मी हेच सांगतो. ती किल्ली शेजारी द्या, गाडीत ठेवा, सासुरवाडीला ठेवा. घरात सोडून कुठंही.

३०४ पाटील (सेक्रेटरी)
विषय निघालाच आहे तर. मागच्या मीटिंगला ठरलं होतं की १२ फ्लॅटनी एकदम डिजिटल लॉक घेतले तर ११ हजाराचं ९ हजाराला पडेल. माझ्याकडं चार महिने झाले, काही त्रास नाही. इच्छुकांनी नावं टाकावीत.
१. ३०४ पाटील
२.

१०३ जोशी काका (खजिनदार)
ठरलं नव्हतं. चर्चा झाली होती. प्रोसिडिंगला नाही.

२०१ गोरे काकू
देणार कोण आहे?

३०४ पाटील (सेक्रेटरी)
माझे मेहुणे. त्यात लपवायचं काय?

३०२ शिंदे
लपवायचं काहीच नाही साहेब. फक्त पार्किंगचे पत्रे पण मेहुण्याचेच होते. मागच्या वादळात त्यातले दोन शेजारच्या प्लॉटमधी सापडले.

३०४ पाटील (सेक्रेटरी)
शिंदे, जिन्यातल्या लाईटचं बिल कुणी न बघता पास केलं ते काढू का इथं?

१०१ सूर्यवंशी काका
गेट.

३०२ शिंदे
१. ३०४ पाटील
२. आजी (बोट सोडून)

१०४ मुंडे सिस्टर
मेहुणे बाजूला ठेवून बोलते. मी डिजिटलच्या बाजूनं आहे. नाईटहून रात्री दोनला येते, पर्समध्ये चाचपडत जिन्यात उभं राहायचं नाहीतर सासऱ्यांना उठवायचं. आता चार आकडे दाबले की आत. कामवाल्या मावशींना वेगळा पिन दिलाय, त्यांनी काम सोडलं की तो काढून टाकायचा. किल्ली दिली असती तर डुप्लिकेट दहा मिनिटांत निघते. आणि मे महिन्यात निम्मी बिल्डिंग गावाला असते. बाहेरून कुलूप लटकलं की 'घरी कुणी नाही' अशी पाटीच लावल्यासारखं आहे.

३०१ शेख
ताईंचं पटतं. फक्त एक, चोर कुलूप उघडत बसत नाही. तो कुलपाला हातच लावत नाही, कटावणी घालून कोयंडा उचकटतो. आपल्या बिल्डरनं चौकटीला मारलेले स्क्रू काढून बघा, पाऊण इंची. वर ८ लिव्हरचं कुलूप लावा नाहीतर बोटाचं, धरणार पाऊण इंची स्क्रूच. आणि आपली दारं ३० मिलिमीटरची आहेत, बऱ्याच डिजिटल लॉकला त्याहून जाड दार लागतं. घ्यायच्या आधी दार मोजा.

३०२ शिंदे
म्हणजे कुलूप शेखभाईकडून, कोयंडा शेखभाईकडून, स्क्रू पण शेखभाईकडून. गंजगोलाईच्या बाजारात दिवाळी 😄

३०१ शेख
स्क्रू फुकट देतो. चहा तुमचा.

२०१ गोरे काकू
लाईट गेली की हे उघडतं का? इथं रोज दुपारी जाते.

३०२ शिंदे
सेलवर चालतं काकू, लाईटचा संबंध नाही. वायफाय गेलं तर लांबून मोबाईलवरून उघडणार नाही, बोट आन् पिन चालतात.

१०३ जोशी काका (खजिनदार)
*अनेकदा फॉरवर्ड केलेला मेसेज*
सावधान!! चुंबक लावताच ५ सेकंदात उघडले डिजिटल लॉक!! हा व्हिडिओ १० ग्रुपवर पाठवा

३०२ शिंदे
काका, गॅस सिलिंडरच्या वेळी पण तुम्ही हाच माणूस टाकला होता. तवा गाणं वेगळं होतं.

१०३ जोशी काका (खजिनदार)
मला आला तसा पाठवला. बाय द वे, एप्रिलच्या टँकरचे पैसे तीन फ्लॅटचे बाकी आहेत. नावं टाकायला लावू नका.

२०४ (स्टुडंट)
नमस्कार, २०४ मधून. सूर्यवंशी काका, गेट आम्ही उघडं टाकत नाही. लायब्ररी ११ ला बंद होते, आम्ही ११:२० ला येतो. लावायला जातो तर तिथं कुलूपच नसतं.

२०१ गोरे काकू
आलाच आहेस तर, चार पोरांचे अकरा जोड जिन्यात कशाला लागतात ते सांग.

१०१ सूर्यवंशी काका
परीक्षा झाली ना तुमची? आता कसली लायब्ररी?

२०४ (स्टुडंट)
रिपीट करतोय काका.

२०२ देशमुख मॅडम
गोरे काकू, चपलांचं नंतर बघू. त्याला अभ्यास करू द्या.

१०१ सूर्यवंशी काका (६:४०)
मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून थोडं लिहितो. पण आज सविस्तर. १९९३ ला आम्ही औशाला होतो. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. ३० सप्टेंबर, पहाटे ३:५६. वडिलांना रात्री दाराला आतून कुलूप घालायची सवय, किल्ली उशीखाली. घर हलायला लागलं, अंधार, उशी कुठं आणि किल्ली कुठं. आई दारावर हाताने मारत होती. किल्ली मिळाली, पण ती भोकात जाईना, हात थरथरत होता. आमचं घर उभं राहिलं म्हणून हे लिहितोय. किल्लारीकडं राहिलं नाही. त्यानंतर थंडी संपेपर्यंत आम्ही अंगणात झोपलो. माझा प्रश्न एकच. आतून दार बिनकिल्लीचं, बिनपिनचं, अंधारात, घाबरलेल्या माणसाला उघडता येतं का?

२०३ बिराजदार
येतं काका. आतून नुसतं हँडल दाबायचं, सेल संपला तरी. फक्त पोरांसाठी आतून लॉक करायचं बटण असतं काही मॉडेलला, ते रात्री लावून ठेवू नये.

२०२ देशमुख मॅडम
काका, मी रोज जाळीच्या दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली किचनमध्ये टांगते. आजपासून नाही लावणार.

१०१ सूर्यवंशी काका
चांगलं. आणि गेट.

३०१ शेख
काका, गेटला कुलूप आहे की. मीच दिलं होतं २०१६ ला, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात. तेव्हा हौदाला लावायला घेतलं होतं, पाऊस पडल्यावर गेटला लावलं. ८ लिव्हर. ते असं तसं तुटत नाही.

३०४ पाटील (सेक्रेटरी)
आम्ही तुळजापूरला निघतोय, रात्री मुक्काम. लॉकची नावं उद्यापर्यंत टाका, रेट नंतर राहणार नाही.

२०१ गोरे काकू
आईला आमचाही नमस्कार सांगा. नाव टाकत नाही.

१०३ जोशी काका (खजिनदार) (१०:५०)
उद्या सकाळी ६ ला टँकर. हौदाचं झाकण उघडून ठेवा, टँकरवाला थांबत नाही. मागच्या वेळी १५ मिनिटं थांबला तर २०० जास्त घेतले.

१०१ सूर्यवंशी काका (११:३४)
📷 आत्ताचा फोटो. गेट सताड.

२०४ (स्टुडंट)
काका, मोठा करून बघा. कडी आहे, कुलूप नाही. दुपारी मी तेच म्हणत होतो.

३०१ शेख
कुठं गेलं ८ लिव्हरचं?

३०२ शिंदे (११:४३)
बॅटरी घेऊन खाली आलाव. सापडलं. हौदाच्या झाकणाला हाय.

१०३ जोशी काका (खजिनदार)
कुणी लावलं? टँकर ६ ला आहे!

३०४ पाटील (सेक्रेटरी)
मी. एप्रिलमध्ये. रात्री एक जण हौदात स्वतःची मोटार सोडून पाणी ओढत होतं. नाव घेत नाही.

२०१ गोरे काकू
घ्या की नाव. कुणाला भिता?

३०४ पाटील (सेक्रेटरी)
काकू, मी तुळजापुरात आहे, मला शांततेत दर्शन घेऊ द्या. किल्ली आमच्या घरात, फ्रिजवर.

३०२ शिंदे
फोडू का मग?

३०१ शेख
फुटणार नाही. कोयंडा कापावा लागेल.

३०४ पाटील (सेक्रेटरी)
काही कापू नका!! डिजिटलचा हाच तर फायदा. शिंदे, तुम्हाला पर्सनलवर पिन टाकतो.

३०४ पाटील (सेक्रेटरी)
*हा मेसेज डिलीट केला आहे*

३०२ शिंदे
साहेब, ग्रुपवर टाकला.

३०४ पाटील (सेक्रेटरी)
डिलीट केला लगेच.

२०१ गोरे काकू
वाचला आम्ही. लग्नाची तारीख ना?

१०४ मुंडे सिस्टर
😂😂 ड्युटीवर हसवू नका.

२०३ बिराजदार
पाटील साहेब, पाहुण्यांसाठी एकदाच चालणारा पिन काढता येतो त्यात.

३०४ पाटील (सेक्रेटरी)
ते मेहुणे दाखवणार होते. उद्या आल्यावर बदलतो. कुणी लक्षात ठेवू नका.

३०२ शिंदे (१२:०६)
दार उघडलं. फ्रिजवर जुडगा हाय, १४ किल्ल्या. एकीवर पण नाव नाही. एकीला तुळजाभवानीचं कीचेन हाय, ती का?

३०४ पाटील (सेक्रेटरी)
ती जुन्या स्कूटरची.

३०२ शिंदे (१२:२१)
नववी लागली. हौद उघडला. आता हे कुलूप कुठं लावू, गेटला का परत हौदाला?

१०१ सूर्यवंशी काका
गेट.

२०१ गोरे काकू
हौद. टँकर ओतला की हौद.

३०१ शेख
दुसरं देतो उद्या. १२०० चं आहे, तुम्हाला हजार.

१०३ जोशी काका (खजिनदार)
कुठल्या पैशातून? आधी त्या तीन फ्लॅटनी भरावेत.

२०२ देशमुख मॅडम
हळू बोला खाली, शिंदे, आवाज वर येतोय. आजी माझ्याकडंच झोपल्यात. आमची कडी त्यांनी स्वतः लावली, मग दोनदा काढून परत लावून बघितली.

१०१ सूर्यवंशी काका (१२:३८)
📷 आत्ताचा फोटो. गेट उघडं, शिंदे आत, कुलूप हातात.