ईयोबाची मेलेली दहा लेकरं आणि देवाचा चांगुलपणा

शंकेखोर
मी ख्रिस्ती घरातलाच, तेव्हा 'बाहेरच्यांना काय कळतंय' हे उत्तर नको. देव चांगला आहे हे पटवायला उपदेशात हमखास ईयोबाचा, म्हणजे बायबलमधल्या त्या निर्दोष पण सगळं गमावलेल्या माणसाच्या गोष्टीचा, शेवट सांगतात: सगळं गेलं, पण देवाने दुप्पट परत दिलं. मेंढरं ७,००० ची १४,००० झाली, उंट ३,००० चे ६,०००. आणि लेकरं? आधी सात मुलगे, तीन मुली, नंतरही तेवढेच. पहिली दहा थोरल्या भावाच्या घरी जेवायला बसली होती, वादळाने घर अंगावर पडून मेली. सैतानाला मोकळीक देवानेच दिलेली. नंतरच्या तीन मुलींची नावं पुस्तकात आहेत, यमीमा वगैरे. पहिल्या दहांपैकी एकाचंही नाही. उंट भरून निघतात हो. पोरं निघतात का?

सुवार्ताप्रेमी
लेकरं दुप्पट केली नाहीत, कारण पहिली दहा गेलीच नव्हती, देवाजवळ होती. दहा आणि दहा वीस, झाली की दुप्पट! बायबलमधलं रोमकरांस पत्र ८:२८ वाचा: देवावर प्रेम करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात.

शंकेखोर
हे पाळकसाहेबांकडूनही ऐकलंय. ईयोबाच्या पुस्तकात असं कुठे लिहिलंय ते दाखवा. १४ व्या अध्यायात तर ईयोब म्हणतो, तोडलेलं झाड पुन्हा फुटतं, माणूस मात्र निजला की उठत नाही.

नगरकर
तुम्ही दोघं शेवटच्या पानावरच भांडताय. मधल्या एवढ्या अध्यायांत ईयोबाचे मित्र देवाची वकिली करतात: देव न्यायी आहे, म्हणजे पाप तुझंच असणार. आणि ४२ व्या अध्यायात देव रागावतो तो कोणावर? या वकिलांवर! तक्रार करणारा ईयोब बरोबर ठरतो. लूकच्या शुभवर्तमानात, १३ व्या अध्यायात, शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा येशूही म्हणतो की ती काही इतरांहून जास्त पापी नव्हती. तरी १ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालमध्ये लिस्बनला भूकंप झाला आणि मालाग्रिदा नावाच्या येशूसंघी (जेझुइट) पाद्रीने ही पापाची शिक्षा म्हणून पुस्तिका काढलीच.

रोखठोक
वकिलांना झापलं, ठीक. पण ईयोबाला काय उत्तर मिळालं? पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, शहामृग बघ, लिव्याथान हा अजस्र जलचर बघ. मुलांविषयी चकार शब्द नाही. आमच्याकडे याला विषय बदलणं म्हणतात.

नगरकर
ईयोबापुरतं मान्य. ख्रिस्ती माणसाचं उत्तर तिथे नाहीच, वधस्तंभावर आहे. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हे तिथे येशू स्वतः ओरडतो. पंडिता रमाबाईंना कुठे दुप्पट मिळालं? आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, नवरा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली केडगावला आणल्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी बाई बायबलच्या भाषांतराला चिकटून राहिल्या.

शंकेखोर
हा चांगुलपणा रमाबाईंचा. तो देवाच्या खात्यावर कसा जमा करता? मग दुष्काळही त्याच खात्यावर लिहा.

सुवार्ताप्रेमी
रमाबाईंनाच विचारलं असतं तर त्यांनी तो कोणाच्या नावावर लिहिला असता? मयताच्या घरी आईच्या खांद्यावर हात ठेवून 'प्रभूची इच्छा' म्हणणारे मलाही आवडत नाहीत. पहिल्या दिवशी बायबलचं वचन सांगू नये, कबूल. पण वचन मागे घ्या म्हणाल, तर नाही घेणार.