नेक्सकार-19 ला महात्मा फुले योजनेत घ्यायलाच हवं

पेशीपुराण:
एप्रिल 2024 मध्ये पवईला आयआयटी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते नेक्सकार-19 या रक्ताच्या कर्करोगावरच्या देशी पेशी-उपचाराचं लोकार्पण झालं. माझं म्हणणं सरळ आहे: या उपचाराचा खर्च सरकारने उचलावा.

थोडक्यात सांगतो. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात नवा जनुक घालतात, प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्याच रुग्णाला परत चढवतात. आता या पेशींना सीडी19 हे प्रथिन ओळखता येतं. ते ज्या कर्करोगपेशींवर असतं, त्यांना त्या मारतात. बी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) किंवा लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) केमोनंतरही उलटला की फार थोडे मार्ग उरतात, त्यांतला हा एक. अमेरिकेत 2017 साली अशा पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती 4 लाख 75 हजार डॉलर. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत तेच इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आणलं. पण शेतकऱ्याच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरात तीस लाख येणार कुठून? योजनेची सर्वसाधारण मर्यादा 5 लाखांची. मग हे संशोधन नेमकं कुणासाठी झालं?

सोलापूरची_ताई:
अजिबात पटलं नाही. टाटाच्याच डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला होता. फार न शिकलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावून तपासणी केली. त्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. एका माणसाच्या 40 लाखांत अशा किती तपासण्या होतील, याचा हिशोब करा. आणि आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग? तंबाखूने गाल आतून सडलेल्या माणसाला तुमच्या नेक्सकारचा काही उपयोग नाही, त्या गाठीवर सीडी19 नसतंच.

पेशीपुराण:
ताई, तपासण्या व्हायलाच हव्यात, त्यावर वाद नाही. पण वीस वर्षांच्या पोराला ल्युकेमिया झाला तर त्याची कुठली तपासणी आधी करणार होतात? या आजाराला ना व्हिनेगर चालतं, ना लस, ना तंबाखूबंदी. "तुझे पैसे दुसऱ्या आजाराला दिले" असं त्याच्या आईला सांगायची तयारी आहे का?

सोलापूरची_ताई:
आणि तपासणी न झाल्याने गेलेल्या बाईच्या पोरांना काय सांगायचं? ती आई कुणाला दिसत नाही, एवढाच फरक.

वॉर्डातली_सिस्टर:
दोघांनीही एक गोष्ट धरलेली नाही. पेशी चढवल्यावर शरीरात सायटोकाइनचं, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या रसायनांचं, वादळ उठू शकतं. ताप, रक्तदाब घसरणं, कधी आयसीयू. ते शमवायला तोसिलिझुमॅबसारखं औषध हाताशी लागतं. गडचिरोलीच्या रुग्णाला सरकारने उपचाराचे पैसे दिले तरी तो राहणार मुंबईत, नातेवाईक फुटपाथवर. आधी नागपूर, छत्रपती संभाजीनगरला असं केंद्र उभं राहू दे, मग योजनेचं बोलू.

आकडेमोड:
निकालही पाहा. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे 73 टक्के रुग्णांना गुण आला, पण गुण येणं म्हणजे बरं होणं नव्हे. आजार थोपून राहण्याचा मध्यकाळ (निम्म्या रुग्णांत आजार जेवढा थोपला तो काळ) ल्युकेमियात 6 महिने, लिम्फोमात 4. सरकारी पैसा लावायचा तर हा फरक झाकून चालणार नाही.

पेशीपुराण:
सिस्टर, केंद्रं हवीत हे शंभर टक्के मान्य. पण रुग्ण नाहीत म्हणून केंद्र नाही आणि केंद्र नाही म्हणून रुग्ण नाहीत, हा फेरा सरकारी पैशाशिवाय तुटणार नाही. आकडेमोड, तुमच्या मुद्द्यामुळे मागणी बदलतो: पहिल्या टप्प्यात फक्त ल्युकेमिया, आणि हा उपचार बनवणाऱ्या कंपनीने प्रत्येक रुग्णाचा निकाल जाहीर करायचा. जनुक पेशीत नेणारा विषाणू-वाहक इथेच बनवल्यामुळे किंमत एवढी उतरली. रुग्ण वाढले की आणखी उतरेल, म्हणून सरकारने ठोक भावात करार करावा.

सोलापूरची_ताई:
करार करा, पण तपासणीच्या तरतुदीतला एक रुपयाही त्यात वळवायचा नाही, हे आधी लेखी द्या. तोवर माझा विरोध कायम.