पेपरनिहाय किमान गुण म्हणजे पात्रता नव्हे

'किमान गुण मिळाले म्हणजे पात्र' असं अनेकांना वाटतं, पण जून २०१२ च्या नेटचा (सहायक प्राध्यापक पदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) वाद नेमका इथेच होता. खुल्या प्रवर्गाला तीन पेपरांत किमान ४०, ४० आणि ७५ गुण हवे होते, म्हणजे ३५० पैकी १५५. निकालाच्या वेळी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एकूण ६५ टक्क्यांची अट लावली. १५५ वरून थेट २२७.५! केरळ उच्च न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, दोन्हीकडे उमेदवार जिंकले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सप्टेंबर २०१३ मध्ये ते निकाल फिरवले, कारण अंतिम निकष निकालाआधी यूजीसी ठरवेल असं अधिसूचनेतच छापलेलं होतं. उमेदवारांना कडू लागलं, पण वाक्य होतं. तेव्हा वकील गाठण्याआधी तुमच्या अधिसूचनेत असं कलम आहे का ते बघा; उत्तरतालिका तपासणं नंतर.