लीड ऑडिटर कोर्स केला म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन मिळालं का?

पाच दिवसांचा आयएसओ ४५००१ (कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांचं मानक) लीड ऑडिटर कोर्स केला की अ‍ॅक्रेडिटेशन मिळतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही. अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे प्रमाणपत्र द्यायला संस्था सक्षम आहे याची अधिकृत मान्यता. ती माणसाला नसते, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला असते. आपल्याकडे ती एनएबीसीबी हे राष्ट्रीय मंडळ देतं, अशा संस्थांसाठीच्या आयएसओ १७०२१-१ या मानकानुसार. तुम्ही अशा संस्थेचे ऑडिटर होता. कोर्सनंतर अनुभवी ऑडिटरबरोबर शिकाऊ म्हणून फिरावं लागतं, आणि खरं शिक्षण तिथेच होतं.

माझ्या सुरुवातीच्या एका ऑडिटमध्ये प्रेस शॉपची (दाब देऊन पत्र्याचे भाग बनवणाऱ्या मशीनच्या विभागाची) कागदपत्रं अगदी चोख होती. आमच्या सीनियरनी फाईल मिटली, थेट मशीनपाशी गेले आणि ऑपरेटरला विचारलं, "दादा, जॉब अडकला तर काय करता?" त्याने हात कुठून आत घालतो ते सहज दाखवलं. हात मशीनमध्ये जाऊ नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं होतं! त्या माणसाची बोटं शाबूत होती हे नशीबच. हे फाईलमध्ये कधीच दिसलं नसतं.

आणि एक, सध्या तुम्ही सल्लागार आहात म्हणून सांगते. ज्या कंपनीला सल्ला दिलात, तिचं ऑडिट पुढची किमान दोन वर्षं तुम्हाला करता येणार नाही. संस्थेला हे आधीच सांगा.