विषय: मुंबई ते सांबरा 403 किलोमीटर, मग दिवस जातोय कुठं?

अनगोळची, सध्या लंडन:

नमस्कार मंडळी, मे महिन्यात पोरांना घेऊन बेळगावला जायलोय. नेटवर अंतर काढलं, हीथ्रो ते मुंबई 7,200 किलोमीटर, मुंबई ते सांबरा, म्हणजे आपलं बेळगावचं विमानतळ, फक्त 403. मग नवरा शेवटच्या तुकड्याला अख्खा दिवस धर म्हणतोय ते का? आणि आईला तिकिटाचा फोटो पाठवला तर ती फोनवरच ओरडली, रात्री 9 ला बसायलीस आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला उतरायलीस, साडेतेरा तास बारकं कसं बसणार गे?

खानापूरचा, रेडिंगहून:

ताई, आईला सांगा दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढं, ते वजा केले की उरले 9 तास. परत लंडनला येताना मात्र अर्धा तास तरी जास्त धरा, वरचा वारा पश्चिमेकडनं वाहतोय आणि विमान त्याच्या तोंडावर जातंय.
403 चं म्हणाल तर ते पक्ष्याचं अंतर. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं म्हणजे हवेत पाऊण तास, पण तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास लिहितात कारण धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, वर चढणं, खाली उतरणं सगळं त्यात धरलेलं असतं. खरा वेळ मुंबईत जातोय. इमिग्रेशन तिथंच, बॅगा पट्ट्यावरनं उचलायच्या, कस्टम, परत बॅगा द्यायच्या, आणि पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरनं असलं तर रस्त्यानं जायचं. मी एकदा दोन तासांचं अंतर ठेवून वेगळं तिकीट काढलं होतं, विमान गेलं डोळ्यादेखत! वर 46 किलो सामान घेऊन आलेलो, देशातल्या विमानाच्या तिकिटावर 15 ची परवानगी, जादा किलोचे पैसे भरताना घाम फुटला. एकाच तिकिटावर सगळं घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

टिळकवाडीची काकू, आता बेळगावातच:

गोव्यातल्या मोपा विमानतळाचा पण विचार कर की. नकाशावर ते बेळगावपासून 70 किलोमीटर, मला वाटलं पोळ्या लाटून होईपर्यंत जावई पोचतील. गाडी सावंतवाडीवरनं आंबोली चढून चंदगडमार्गे आली, तीन तास. नात दोनदा ओकली, आणि मी बारा वाजता वाढलेलं ताट तीनला परत गरम केलं. पावसाळ्यात तर घाट नकोच, धुक्यात समोरचं दिसत नाही.
बेंगळूरूवरनं सांबरा 444 किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा चाळीसनं जास्त, तरी माझी लेक तिकडनंच येते, पुढचं विमान तिला सोयीचं पडतंय म्हणून. अंतर बघून काय करायचंय, मधला थांबा बघ. सांबऱ्याचं विमानतळ 1942 चं, इंग्रजांच्या हवाई दलाचं, इमारत 2017 ला नवी झाली, पण बारकंच आहे. तिथं बॅग लगेच येतेय आणि गावात यायला अर्धा तास. तेवढं सुख.

अनगोळची:

काकू, दादा, थँक्यू. बेंगळूरूवरनं सगळं एकाच तिकिटावर बघितलं, मध्ये चार तास आहेत. नवरा म्हणतोय पाच असते तर बरं. आईला 9 तास सांगितलं तर ती म्हणाली मग तिकिटावर साडेदहा का लिहिलंय.