‘रेझिलियन्स’साठी मराठी शब्द : लवचिकता, तग की उभारी?

प्रश्न : इंदूरच्या भंवरकुआं भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांसाठी एक पत्रक लिहीत आहे. अपयशानंतर मन सावरून पुन्हा अभ्यासाला लागण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात ‘रेझिलियन्स’ म्हणतात. मी ‘लवचिकता’ लिहिले, तर एका आजोबांनी विचारले, “म्हणजे मुलाने वाकायचे का?”

प्रतिसाद : आजोबांची शंका रास्त आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मागे उसळणे’ असा आहे, म्हणून काही जण भौतिकशास्त्रातील ‘स्थितिस्थापकता’ हा शब्द सुचवतात. हिंदी माध्यमात शिकलेली आपली मुले त्यालाच ‘प्रत्यास्थता’ म्हणतील. पण या शब्दात ताण सरताच मूळ आकार परत मिळणे अभिप्रेत आहे, आणि ज्याची प्री (पूर्वपरीक्षा) निघाली नाही त्याने मूळ आकारात परतून उपयोग नाही. त्याच्या अभ्यासाची पद्धत बदललेली असायला हवी. ‘सोशिकपणा’ तर नकोच. तो आपण सुनांच्या कौतुकात पुरेसा झिजवला आहे.

प्रतिसाद : ‘तग धरणे’ विचारात घ्यावे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, आणि मुलाखतीपर्यंत पोहोचून निवड न झालेल्यालाही पुढच्या वर्षी पूर्वपरीक्षेपासूनच आरंभ करावा लागतो. खुल्या प्रवर्गाला 32 वर्षे वयापर्यंत अशा 6 संधी असतात. एवढा काळ टिकून राहण्याला ‘तग’ हा नेमका शब्द आहे. मात्र त्यात केवळ टिकणे येते, पुन्हा उठणे येत नाही.

प्रतिसाद : म्हणूनच माझे मत ‘उभारी’ला. तिचा वाक्यातला वापर पाहावा : उभारी येते, धरली जाते आणि दुसऱ्याला देताही येते. तग मात्र ज्याचा त्यानेच धरायचा असतो. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी काउआई येथे 1955 साली जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशके मागोवा घेतला, तेव्हा बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाल्याचे आढळले, आणि जिव्हाळ्याचे निदान एक वडीलधारे माणूस लाभणे हा त्यामागचा एक महत्त्वाचा आधार होता. पालकांच्या पत्रकात ‘देता येणारा’ शब्दच हवा. “होईल रे पुढच्या वर्षी” एवढे म्हणणे मात्र उभारी देणे नव्हे. निकालाच्या आठवड्यात शेजारच्या मुलाचे गुण न विचारणे, आणि मुलगा बोलू लागला की मध्येच सल्ला न देता ऐकणे, हे त्यात अधिक येते. झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा येत असेल, तर ‘खचला आहे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक पत्रकात ठळक छापावा.

प्रश्नकर्ता : आभार. शीर्षकात ‘मनाची उभारी’ ठेवतो, दीर्घ तयारीच्या परिच्छेदात ‘तग’ वापरतो, आणि ‘लवचिकता’ फक्त वेळापत्रकापुरती राखतो.