'स्त्रीकरण', 'स्त्रीभवन' की 'स्त्रैणीकरण'?

पुण्यातील आमच्या अनुवादकांच्या बैठकीत एका ताईंनी विचारले की, इंग्रजीतील 'feminization of agriculture' याला 'शेतीचे स्त्रीकरण' म्हणावे की, कोणी सुचवल्याप्रमाणे, 'स्त्रैणीकरण'? माझ्या मते दुसरा शब्द तेथे मुळीच चालणार नाही.

'स्त्रैण' हा शब्द 'स्त्री'ला संस्कृतातील नञ् हा प्रत्यय लागून झाला आणि त्याचा मूळ अर्थ 'स्त्रीसंबंधी' एवढाच होता. परंतु मराठीत तो 'बायकी' या अर्थाने, आणि बहुधा पुरुषाला हिणवण्यासाठीच, रूढ झाल्यामुळे त्यापासून साधलेल्या प्रत्येक शब्दाला ती हेटाळणी चिकटते. बालगंधर्वांनी साकारलेल्या भामिनीविषयी किंवा सिंधूविषयी लिहिताना हा शब्द माझ्याने लिहवणार नाही. तेथे रंगभूमीचा 'स्त्रीपार्ट' हाच शब्द स्वच्छ आहे.

आता 'करण' आणि 'भवन'. 'बाष्पीकरण' आणि 'बाष्पीभवन' यांत जो भेद आहे तोच येथेही आहे: 'करण' म्हटले की करणारा बाहेरचा असतो, तर 'भवन' आपोआप घडते. संप्रेरकांच्या उपचाराने शरीरात स्त्रीलक्षणे आणली, तर ते स्त्रीकरण होय. क्लाउनफिश या माशांच्या समूहातील प्रमुख मादी मेल्यावर तेथील प्रबळ नर स्वतःच मादी होतो, ते मात्र 'मादीभवन' होय, कारण प्राण्यांच्या बाबतीत मराठी 'स्त्री' म्हणत नाही.

दोन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे जे आधी तसे नव्हते ते तसे होणे. म्हणून समुद्री कासवांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. वाळू अधिक तापली की अंड्यांतून माद्या अधिक निघतात. पण त्यांतील एकही पिल्लू आधी नर नसते. तेथे पिल्लांचे मादीकरण होत नाही, माद्यांचे प्रमाण वाढते, आणि तसेच सरळ लिहावे.

शेतीचेही असेच आहे. घरातील पुरुष कामासाठी शहरात जातो, पेरणी-खुरपणीचा भार बाईवर येतो, आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा त्याचेच राहते. यात शेती 'स्त्री' होत नाही. तरीही समाजशास्त्रीय लेखनात 'स्त्रीकरण' रुळले आहे, म्हणून ताईंनी ते ठेवावे. फक्त पहिल्या उल्लेखाला 'शेतीकामातील स्त्रियांचा वाटा वाढणे' असा खुलासा जोडावा.